फाइल बदलली, सेवा जुनीच

भामरागड हे गडचिरोली जिल्ह्याच्या टोकाचं तालुक्याचं गाव, मुख्यालयापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या इथे एकत्र येतात. पर्लकोटेला पूर आला की आलापल्लीकडून येणारा रस्ता पाण्याखाली जातो आणि तालुक्याचा बाकी जिल्ह्याशी संपर्क तुटतो. ही बातमी बहुतेक दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत येते. रस्त्यासोबत वीज आणि नेटही जातं, येतं, पुन्हा जातं.

संगणकांच्या देखभालीबद्दलच्या या प्रकरणासाठी हे गाव मी मुद्दाम निवडलं आहे. पुण्या-मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये एखादी सेवा अडली तर कुणीतरी लॉग-इन करतो, दोन आज्ञा देतो आणि काम पुढे चालू होतं. मूळ चूक कुठे होती हे शोधायची गरजच पडत नाही. जिथे माणूस पोचायला दोन-तीन दिवस लागू शकतात आणि नेटचा भरवसा नाही, तिथे तीच चूक पूर्ण उघडी पडते.

एक यंत्र कल्पू या. तालुक्याच्या एका कार्यालयात ठेवलेला छोटा लिनक्स संगणक. तो संवेदकांकडून पावसाची आणि नदीच्या पातळीची नोंद घेतो, नेट असेल तेव्हा गडचिरोलीला पाठवतो, नसेल तेव्हा स्वतःपाशी साठवतो. असेच संगणक सिरोंचा, एटापल्ली, धानोरा, कोरची इथेही आहेत असं धरू. सगळ्यांची देखभाल नागपुरात बसून दोन माणसं करतात. यंत्र काल्पनिक असलं तरी असं काही रानात बसवणं आता दूरची गोष्ट राहिलेली नाही. ताडोबाच्या कडेला, मोहर्ली परिक्षेत्रातल्या सीतारामपेठला २०२३ मध्ये वाघाची चाहूल लागताच गावाला सावध करणारी कॅमेऱ्यांची आभासी भिंत उभी राहिली. रानाच्या काठावर ठेवलेल्या अशा प्रत्येक यंत्राला कुणीतरी दुरून सूचना देत राहावं लागतं, आणि त्या सूचना आतपर्यंत पोचल्या की नाहीत हा प्रश्न मग रोजचा होतो.

आपल्या कल्पित संगणकावर नोंदी घेणारा जो प्रोग्रॅम सतत चालू असतो, त्याला लिनक्सच्या भाषेत सेवा म्हणतात. ही सेवा कशी सुरू करायची, कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालवायची, किती मेमरी वापरू द्यायची, बंद पडली तर काय करायचं, हे सगळं एका छोट्या मजकूर फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिला युनिट फाइल म्हणतात. आजच्या बहुतेक लिनक्स संगणकांवर ही फाइल वाचून सेवा चालवण्याचं काम सिस्टमडी नावाची व्यवस्था करते. लेनार्ट पॉटरिंग आणि के सीव्हर्स यांनी ती २०१० मध्ये पुढे आणली. २०११ च्या फेडोरा १५ ने ती स्वीकारली, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ ने, आणि २०१५ मध्ये डेबियन ८ व उबुंटू १५.०४ ने. संगणक सुरू होताना सर्वांत आधी उठणारी प्रक्रिया, प्रक्रिया क्रमांक १, तीच. बाकीच्या सेवांना तीच उठवते.

आता मुद्द्याची गोष्ट. सिस्टमडी युनिट फाइल वाचते आणि तिचा अर्थ स्वतःच्या मेमरीत मांडून ठेवते. सेवा चालू असेतोवर ती मेमरीतल्या त्या प्रतीवरूनच निर्णय घेते. डिस्कवरची फाइल पुन्हा उघडून बघत नाही. नागपूरहून कुणी फाइल बदलली, जतन केली, उघडून खात्रीही केली, तरी सिस्टमडीच्या लेखी काहीच बदललेलं नसतं. आलापल्लीच्या वननाक्यावर बसलेला वनरक्षक हातातल्या परिपत्रकाप्रमाणे गाड्या सोडतो. विभागीय कार्यालयाच्या फाइलला दुपारी नवं परिपत्रक लागलं तरी ते नाक्यावर पोचेपर्यंत जुनंच चालणार. सिस्टमडीला नवं परिपत्रक वाचायला लावणारी आज्ञा आहे: सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड.

या आज्ञेचा दुसऱ्या दोन आज्ञांशी नेहमी घोटाळा होतो. एखाद्या सेवेला नुसतं ‘रीलोड’ सांगितलं तर तो त्या सेवेसाठीचा निरोप असतो: तुझी स्वतःची सेटिंग पुन्हा वाच. वेब सर्व्हरची सेटिंग बदलल्यावर हेच करतात. ‘रीस्टार्ट’ म्हणजे सेवा बंद करून नव्याने सुरू करणं. डीमन-रीलोड या दोन्हींपासून वेगळी आहे. ती सेवेला हात लावत नाही. सेवा सांभाळणाऱ्या सिस्टमडीला सगळ्या युनिट फाइली नव्याने वाचायला लावते. म्हणून एकच माहिती एका संगणकात तीन जागी नांदते: डिस्कवरच्या फाइलमध्ये, सिस्टमडीच्या मेमरीत आणि प्रत्यक्ष चालू असलेल्या प्रोग्रॅममध्ये. डीमन-रीलोड पहिलीतून दुसरीत नेते, रीस्टार्ट दुसरीतून तिसरीत. या तीन जागा मनात पक्क्या धरल्या की पुढचं सगळं सोपं आहे.

भामरागडच्या यंत्राकडे परत येऊ. मे महिन्यात नागपूरच्या देखभाल करणाऱ्याच्या लक्षात येतं की नोंदी घेणारा प्रोग्रॅम कधीमधी कोसळतो आणि मग कुणी हाताने सुरू करेपर्यंत बंदच राहतो. उपाय साधा आहे. युनिट फाइलमध्ये ‘रीस्टार्ट’ या नोंदीपुढे ‘ऑलवेज’ लिहायचं. मग प्रोग्रॅम कोसळला की सिस्टमडी तो आपोआप उठवते. देखभाल करणारा हा बदल करतो आणि सगळ्या यंत्रांवर पाठवतो. जुलैत पूर येतो. रस्ता बंद, नेट बंद, आणि नेमका तेव्हाच प्रोग्रॅम कोसळतो. फाइलमध्ये ‘ऑलवेज’ आहे, पण सिस्टमडीच्या मेमरीत जुनीच प्रत असेल तर ती प्रोग्रॅमला उठवणार नाही. त्या तीन-चार दिवसांची नदीची पातळी कुठेच नोंदली जाणार नाही. ज्या दिवसांसाठी यंत्र बसवलं, तेच दिवस कोरे.

दुरून अनेक यंत्रं सांभाळण्यासाठी जी सॉफ्टवेअर आहेत, त्यांना कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटची साधनं म्हणतात. ओस्लोत काम करणाऱ्या मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिलं, तिथून ही परंपरा सुरू होते. पुढे ल्यूक केनीज यांचं पपेट २००५ मध्ये आलं, २००९ मध्ये शेफ, २०११ मध्ये टॉमस हॅच यांचं सॉल्ट आणि २०१२ मध्ये मायकल डीहान यांचं ॲन्सिबल. ॲन्सिबल २०१५ मध्ये रेड हॅटने घेतलं; रेड हॅटचं मोठं अभियांत्रिकी केंद्र पुण्यात आहे आणि मराठी मुलामुलींच्या नोकरीच्या बोलण्यात ‘प्लेबुक’, म्हणजे ॲन्सिबलला दिलेली कामांची यादी, हा शब्द आता सहज येतो.

या सर्वांमागची मूळ कल्पना बर्जेस यांच्या कामातून आली, आणि मला ती संगणकशास्त्रातल्या सुंदर कल्पनांपैकी एक वाटते. यंत्राला ‘हे कर, मग ते कर’ असं सांगायचं नाही. यंत्र शेवटी कोणत्या स्थितीत असायला हवं ते लिहून द्यायचं. साधन दर वेळी आताची स्थिती पाहतं, हव्या स्थितीशी ताडून पाहतं, आणि फरक असेल तेवढंच करतं. फरक नसेल तर काहीच करत नाही. त्यामुळे तेच काम दहा वेळा चालवलं तरी बिघाड होत नाही, आणि अर्ध्यात तुटलं तर पुन्हा चालवल्यावर उरलेलं पूर्ण होतं. नेट येतं-जातं अशा जागी याहून चांगली पद्धत नाही.

डीमन-रीलोडच्या बाबतीत मात्र ही पद्धत बरीच वर्षं नेमकी इथेच फसत आली. कारण ‘फाइलमधला मजकूर असा हवा’ ही स्थिती आहे, पण ‘आता पुन्हा वाच’ ही कृती आहे. साधनांनी ही कृती एका घटनेला जोडून टाकली: फाइल बदलली, तर रीलोड कर. ऐकायला बरोबर वाटतं. ॲन्सिबलमध्ये याची ठरलेली रीत आहे. फाइल पाठवणारं काम ‘बदल झाला’ असं कळवतं, आणि त्या निरोपाची वाट पाहणारा हँडलर सगळी कामं संपल्यावर शेवटी चालतो.

आता हीच रीत भामरागडच्या नेटवर चालवून बघा. नागपूरहून प्लेबुक सुटतं. पहिलं काम: नवी युनिट फाइल पाठव. फाइल पोचते, डिस्कवर लिहिली जाते, ‘बदल झाला’ अशी नोंद होते. दुसरं काम: एक पॅकेज डाउनलोड कर. ते चालू असताना नेट तुटतं. ॲन्सिबल त्या यंत्रापुढे ‘पोचता येत नाही’ असं लिहितं आणि त्याला सोडून देतं. हँडलर शेवटी चालणार होता; तो शेवट या यंत्रापुरता आलाच नाही. दुसऱ्या दिवशी नेट येतं, देखभाल करणारा प्लेबुक पुन्हा चालवतो. पहिलं काम फाइल ताडून बघतं. ती कालच पोचली आहे, फरक शून्य, सगळं ठीक. बदल झाला नाही म्हणून निरोप नाही, निरोप नाही म्हणून हँडलर नाही. पडद्यावर सगळ्या ओळी हिरव्या. त्या यंत्राची मेमरी मात्र जुनीच, आणि इथून पुढे हे प्लेबुक शंभर वेळा चालवलं तरी ती जुनीच राहील.

या चुकीचा त्रास असा की ती कुठेही लाल रंगात दिसत नाही. शिवाय पहिल्यांदा सेवा बसवताना ती घडतही नाही. सिस्टमडीने आधी कधी न पाहिलेली सेवा सुरू करायला सांगितली तर ती सहसा डिस्कवरून ताजी फाइल वाचते. बंद असलेली, कुणालाही नको असलेली सेवा तर ती मेमरीतून काढूनही टाकते. म्हणजे नवी सेवा नीट सुरू होते, चाचणी उत्तीर्ण होते, आणि रीलोडची पायरी विसरली आहे हे कुणाला कळत नाही. ते कळतं दुसऱ्या किंवा तिसऱ्या बदलाच्या वेळी, चालू असलेल्या सेवेवर. प्रयोगशाळेत सगळं नवं असतं, रानात सगळं आधीपासून चालू असतं. हा फरक शिकवताना जवळजवळ कुणी सांगत नाही.

एक प्रश्न इथे रास्त आहे. फाइल बदलली हे सिस्टमडीने स्वतःच ओळखून आपोआप का वाचू नये? तसं करणारी व्यवस्था होती. कॅनॉनिकलच्या स्कॉट जेम्स रेम्नंट यांनी लिहिलेलं अपस्टार्ट २००६ मध्ये उबुंटूत आलं. लिनक्सच्या गाभ्यातल्या एका सोयीचा उपयोग करून ते आपल्या फोल्डरवर लक्ष ठेवायचं, आणि फाइल बदलली की लगेच नवी व्याख्या वाचायचं. त्याआधीच्या जुन्या पद्धतीत सेवा सुरू करणाऱ्या स्क्रिप्ट दर वेळी डिस्कवरूनच चालत, त्यामुळे त्यांच्यापुरता हा प्रश्नच नव्हता. फक्त इनिटटॅब ही एक मुख्य फाइल बदलली तर ‘टेलइनिट क्यू’ अशी आज्ञा द्यावी लागे.

सिस्टमडीने हे मुद्दाम टाळलं, आणि माझ्या मते ते बरोबर केलं. बदल अनेकदा एका फाइलचा नसतो. सेवेची फाइल, तिच्या वेळापत्रकाची फाइल, तिला जोडलेली पुरवणी फाइल, अशा तीन-चार फाइली एकत्र बदलायच्या असतात. पहिली लिहून झाली आणि दुसरी अजून यायची आहे, तेवढ्यात यंत्राने स्वतःहून वाचायला सुरुवात केली तर अर्धं जुनं, अर्धं नवं असं काहीतरी त्याच्या हाती लागेल. एडिटरमध्ये अर्धवट जतन झालेली फाइलही तशीच. सगळं लिहून झालं, आता वाच, असं कुणीतरी सांगणं आवश्यक आहे. ते सांगणारा शहाणा असायला हवा, एवढंच. नेट मध्येच तुटलं तर विसरून जाणारा निरोप्या या कामाचा नाही.

सिस्टमडीने एक मात्र चांगलं केलं. प्रत्येक सेवेसोबत तिने एक गुणधर्म ठेवला आहे: नीडडीमनरीलोड. विचारलं तर उत्तर ‘यस’ किंवा ‘नो’ असं येतं. युनिट फाइल किंवा तिची पुरवणी, मेमरीत वाचून ठेवली त्यानंतर बदलली असेल, पुसली गेली असेल, नवी पुरवणी आली असेल, तर उत्तर ‘यस’. हाताने सेवेची स्थिती विचारणाऱ्यालाही सिस्टमडी वरच एक इशारा दाखवते: डिस्कवरची व्याख्या बदलली आहे, डीमन-रीलोड चालवा. ज्याला आपण कृती समजत होतो, तिच्यामागची स्थिती इथे सापडली. ‘काल फाइल बदलली होती का’ हे आठवत बसण्याची गरज उरत नाही. ‘डिस्क आणि मेमरी आता जुळतात का’ हे आज, आत्ता, यंत्रालाच विचारता येतं. नेट कितीही वेळा तुटलं असलं तरी उत्तर खरंच मिळतं.

साधनांनी हे उत्तर वापरायला वेळ घेतला. पपेटच्या वापरकर्त्यांनी आधी स्वतःच एक आज्ञा लिहून ठेवायची, की अमुक फाइल बदलली तर डीमन-रीलोड चालव. दोन वेगवेगळ्या मॉड्यूलनी हीच आज्ञा एकाच नावाने लिहिली की पपेट ‘दुबार नोंद’ म्हणून पूर्ण कामच नाकारायचं. वेगळ्या नावांनी लिहिली की कोण आधी, कोण नंतर यात गुंता व्हायचा. रेड हॅट ७ पासून मोजलं तर चार वर्षांहून जास्त काळ हे चाललं. अखेर २०१८ च्या अखेरीस आलेल्या पपेट ६.१ मध्ये साधन स्वतःच नीडडीमनरीलोड विचारू लागलं आणि उत्तर ‘यस’ आलं तर आधी रीलोड, मग पुढचं काम असं करू लागलं. सॉल्टने वेगळी वाट घेतली: सेवेच्या स्थितीच्या उत्तरात तो इशारा छापलेला दिसतो का हे ते शोधतं, आणि दिसला तर रीलोड करतं. शेफमध्ये युनिट फाइल लिहिणारं साधनच रीलोड करून टाकतं. ॲन्सिबलने २०१६ च्या २.२ आवृत्तीत सिस्टमडीसाठी स्वतंत्र मॉड्यूल दिलं; त्यात ‘डीमन-रीलोड’ हा पर्याय आहे, पण तो आपण सांगितला तरच चालतो.

पपेटची ही सुधारणा मोठी असली तरी तिच्यातली एक फट ओळखून ठेवायला हवी. विचारणा होते ती सेवेला हात लावायच्या वेळी, म्हणजे ती सुरू किंवा पुन्हा सुरू करताना. सेवा व्यवस्थित चालू आहे आणि तिला हात लावायचं कारण पपेटला दिसत नाही, तर प्रश्न विचारलाच जाणार नाही. पपेटच्या ताब्यात नसलेल्या सेवेची पुरवणी बदलली, किंवा युनिट फाइल पुसून टाकली, तेव्हाही तेच. म्हणून सिस्टमडीसाठी समुदायाने सांभाळलेल्या पपेट मॉड्यूलमध्ये रीलोडची वेगळी सोय पुन्हा ठेवावी लागली. भामरागडसाठी मी याच्या एक पाऊल पुढे जाईन: दर खेपेला, बदल झालेला असो वा नसो, प्रत्येक सांभाळलेल्या सेवेचं नीडडीमनरीलोड विचारायचं. ॲन्सिबल वापरत असाल तर सेवेच्या कामातच डीमन-रीलोडचा पर्याय कायमचा चालू ठेवायचा. मग ते दर वेळी बिनशर्त रीलोड करतं. छोट्या यंत्रावर त्याला क्षणभर लागतो. हँडलरवरच राहायचं असेल तर निदान फाइल पाठवल्याबरोबर साचलेले हँडलर तिथल्या तिथे चालवून घ्यायचे, म्हणजे नेट तुटायला मिळणारी फट बारीक होते. बारीक होते, बंद होत नाही, हे लक्षात ठेवून.

साधन कुठून चालतं यालाही महत्त्व आहे. ॲन्सिबलची नेहमीची रीत म्हणजे मध्यवर्ती जागेवरून यंत्रात शिरून काम करणं. संपर्क तुटला की काम तिथेच थांबतं. पपेटचा प्रतिनिधी यंत्रावरच राहतो, ठरल्याप्रमाणे दर ३० मिनिटांनी सर्व्हरकडून आपली यादी मागतो, आणि सर्व्हर सापडला नाही तर आधीची साठवलेली यादी घेऊन काम करतो. पुरात तुटलेलं यंत्र आपली शेवटची माहीत असलेली स्थिती स्वतःच राखत राहतं. ॲन्सिबललाही ‘पुल’ पद्धतीने यंत्रावरून चालवता येतं. दुर्गम तालुक्यांसाठी हीच पद्धत हवी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. शहरात जी पद्धत जास्त सोपी वाटते, तीच तशीच उचलून रानात लावणं ही या कामातली नेहमीची घाई आहे.

रीलोड आपोआप व्हावा असं मी म्हणतो, त्याला एक बाजू आणखी आहे. डीमन-रीलोड एका सेवेपुरता नसतो. ती आज्ञा दिली की सगळ्या युनिट फाइली वाचल्या जातात, आणि डिस्क जोडण्याच्या नोंदींसारख्या इतर फाइलींतून युनिट तयार करणारे छोटे प्रोग्रॅमही पुन्हा चालतात. दुसऱ्या कुणी तिसऱ्याच सेवेची फाइल अर्धवट लिहून ठेवली असेल तर तुमच्या रीलोडने तीही आत जाईल. म्हणून यंत्रावर हाताने बदल करायची सवय आणि आपोआप रीलोड या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत. बदल करायचे ते सगळे मध्यवर्ती व्याख्येतून. हाताने करायचाच असेल तर सिस्टमडीचीच ‘एडिट’ आज्ञा वापरावी. ती फाइल जतन झाल्यावर रीलोड स्वतःच करते. हजारो युनिट असलेल्या मोठ्या सर्व्हरवर रीलोडला वेळही लागतो, आणि एकामागून एक रीलोड मारले तर प्रक्रिया क्रमांक १ त्यातच गुंतून पडते. म्हणून सिस्टमडीच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ठरावीक वेळात किती रीलोड चालू द्यायचे याची मर्यादा घालता येते. शेवटी एकदाच रीलोड करायचा हँडलरचा मूळ हेतू यातूनच आला होता, आणि तो हेतू चुकीचा नव्हता.

नीडडीमनरीलोडचं उत्तर फाइल बदलल्याच्या वेळेवर बेतलेलं असतं, हेही ध्यानात हवं. बॅकअपमधून जुनी फाइल तिच्या मूळ वेळेसकट परत ठेवली तर ‘यस’ मिळेलच याचा भरवसा धरू नये. बॅटरीवर चालणारं घड्याळ नसलेल्या छोट्या बोर्डांवर वीज जाऊन आल्यानंतरची वेळही तितकीच बेभरवशाची असते. अशा यंत्रांवर बिनशर्त रीलोडच बरा.

आता तिसरी जागा, प्रत्यक्ष चालू असलेला प्रोग्रॅम. रीलोड झाला की नीडडीमनरीलोडचं उत्तर ‘नो’ होतं आणि सगळं जुळल्यासारखं दिसतं. ते अर्धंच खरं असतं. ‘रीस्टार्ट ऑलवेज’सारखी नोंद सिस्टमडीसाठी असते, रीलोड झाल्याबरोबर ती लागू होते, चालू प्रोग्रॅमला हात न लावता. पण प्रोग्रॅम कोणत्या वापरकर्त्याच्या नावाने चालावा, त्याला कोणते चल द्यावेत, कोणत्या आज्ञेने सुरू करावा, या नोंदी प्रोग्रॅम सुरू होतानाच लागू होतात. त्यांच्यासाठी रीस्टार्ट लागतोच, आणि तो राहून गेला तर त्याचं निशाण सिस्टमडी दाखवत नाही. सेवा शेवटची कधी सुरू झाली ती वेळ आणि फाइल बदलल्याची वेळ, या दोन्ही ताडून बघणारी छोटी तपासणी आपल्यालाच लिहावी लागते.

आणि इथे मी आपोआपपणाला थांबवेन. रीलोडने कुणाचं काम अडत नाही, म्हणून तो यंत्रावर सोपवावा. रीस्टार्टने सेवा क्षणभर का होईना बंद होते. नदी इशारा पातळीकडे चढत असताना फाइलमध्ये एक किरकोळ बदल आला म्हणून नोंदी घेणारी सेवा स्वतःहून बंद होऊन पुन्हा सुरू होणं, आणि त्या नव्या व्याख्येत एखादी चूक असल्यामुळे ती पुन्हा सुरूच न होणं, हे कुणालाही नको आहे. त्यासाठी वेळ ठरवावी, आधी एका यंत्रावर करून बघावं, मग बाकीच्यांवर. सिरोंच्यात प्राणहिता आणि गोदावरी चढत असतील तर पूर ओसरेपर्यंत रीस्टार्ट थांबवून ठेवावा. हा निर्णय माणसाचा आहे आणि माणसाकडेच राहावा.

पावसाळ्याआधी करायची एक चाचणी इथे देतो. ती महागडी नाही. चंद्रपूरच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या किंवा कुठल्याही प्रयोगशाळेतल्या एका संगणकावर दोन आभासी यंत्रं उभी करून होते. एका यंत्रावर सेवा बसवा आणि चालू राहू द्या. नवी सेवा बसवून चाचणी संपवू नका, कारण चूक चालू सेवेवरच दिसते. मग व्याख्येत ‘रीस्टार्ट ऑलवेज’ घाला आणि दुसऱ्या यंत्रावरून प्लेबुक सोडा. फाइल पोचली की लगेच दोन्हींमधलं नेटवर्क तोडा. थोड्या वेळाने जोडा आणि प्लेबुक पुन्हा चालवा. सगळं हिरवं दिसल्यावर पहिल्या यंत्राला नीडडीमनरीलोड विचारा. उत्तर ‘यस’ आलं तर प्लेबुक दुरुस्त करा आणि चाचणी पहिल्यापासून करा. उत्तर ‘नो’ आलं तर नोंदी घेणारा प्रोग्रॅम किल आज्ञेने मुद्दाम मारा, आणि तो किती सेकंदांत परत उभा राहतो ते मोजा. एवढं जमलेली व्याख्या जूनच्या पहिल्या आठवड्याआधी, रस्ता चालू असताना, सगळ्या तालुक्यांना पाठवा.